‘तयार ईसीयू मिळत असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?’

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाजारात तयार ईसीयू (इंजिनाचं इंधन आणि ठिणगी सांभाळणारा संगणक) आहेत, ओपन सोर्स बोर्ड आहेत, तरी इंजिन कंट्रोलचा पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, स्वतः काढणं हा द्राविडी प्राणायाम, शिवाय घरी केलेला बोर्ड गाडीत घालणं धोक्याचं. यातलं दुसरं मला बऱ्याच अंशी मान्य आहे. पहिलं नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. सॉफ्टवेअर मी लिहिलेलं नाही, फर्मवेअर स्पीडुइनो या ओपन सोर्स ईसीयू प्रकल्पाचंच आहे. माझा आहे तो फक्त बोर्ड.

या इंजिनावर आधी तयार डबाच होता. साडेतीन हजार आरपीएम ओलांडले की इंजिन अडखळायचं. लॉगमध्ये दर वेळी एकच तक्रार: सिंक गेला, म्हणजे इंजिन फिरताना नेमकं कुठे आहे याचा ईसीयूला पत्ता नाही. विक्रेता म्हणाला, वायरिंग तपासा. तपासलं, काही सापडेना. डबा उघडला तर बोर्ड इपॉक्सीत बुडवलेला, आणि स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, कुणाला द्यायची नाही हे त्यांचं धोरण. सेन्सरचा सिग्नल बाहेरच्या पिनवर ऑसिलोस्कोपने दिसत होता. आत गेल्यावर त्याचं काय होतं ते कळायला मार्ग नव्हता.

आणि सगळी गोम तिथेच असते. क्रँकवरच्या चाकाचे दात मोजणारा माझा क्रँक सेन्सर व्हीआर जातीचा, म्हणजे चुंबक आणि गुंडाळी. स्टार्टर फिरत असताना त्यातून जेमतेम काहीशे मिलिव्होल्ट येतात, इंजिन पळायला लागलं की तोच सिग्नल कित्येक व्होल्टवर जातो. थ्रेशोल्ड, म्हणजे दात मोजायची व्होल्टेजची रेघ, एकाच जागी ठेवला तर सुरुवातीला दात दिसत नाहीत, किंवा पुढे इग्निशन कॉइलचा गोंगाटही दात म्हणून मोजला जातो. 60-2 चाकावर (साठ दातांच्या जागा, त्यातले दोन गाळलेले) 6000 आरपीएमला दोन दातांमध्ये साधारण 167 मायक्रोसेकंद असतात. तेवढ्यात एक खोटा पल्स घुसला की हिशेब कोसळला.

माझ्या बोर्डवर मॅक्स9926 ही चिप घातली. सिग्नल वाढेल तसा ती थ्रेशोल्डही वर नेते. तिच्या पुढे-मागे टेस्ट पॉइंट ठेवले. पहिल्याच संध्याकाळी चोर सापडला: कॉइल उडते त्याच क्षणी सेन्सरच्या तारेवर एक टोकदार उसळी. सेन्सरच्या तारा कॉइलच्या तारांसोबत एकाच जुडग्यात बांधलेल्या होत्या, आणि बांधणारा मीच. विक्रेत्याचं खरं होतं, हे कबूल करतो! पीळ दिलेली शील्डची केबल वेगळ्या वाटेने नेली आणि अडखळणं थांबलं. पण हे दिसलं ते आत बघता आलं म्हणूनच.

ओपन सोर्स बोर्ड का नाही? त्याचं अर्धं सर्किट मी उचललंच आहे. मात्र मला इंजिनाचं मूळ हार्नेस, म्हणजे तारांचं जुडगं, कापायचं नव्हतं, त्यामुळे कनेक्टर त्याच्याच मापाचा हवा होता. शिवाय ग्राउंड. इंजेक्टरचा करंट आणि मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) एकाच ग्राउंड ट्रॅकवर असतील आणि 0.1 व्होल्टचा फरक पडला, तर माझ्या 250 किलोपास्कलच्या सेन्सरवर ती सुमारे साडेपाच किलोपास्कलची चूक. आयडलला मॅनिफोल्डमध्ये असतातच 35 च्या आसपास. म्हणजे इंधनाचा हिशेब जवळजवळ सहाव्या हिश्श्याने चुकतो आणि आपण इंधनाच्या टेबलला शिव्या देत बसतो.

आता धोका. चालत्या इंजिनावर बॅटरीची तार निसटली तर अल्टरनेटर क्षणभर शंभर व्होल्टच्या आसपास उसळू शकतो. माझ्या पहिल्या बोर्डवर त्यासाठी काहीच नव्हतं. स्टार्टर ओढताना व्होल्टेज सहापर्यंत पडलं की साधा 7805 रेग्युलेटर नांगी टाकतो, तेही मी अनुभवाने शिकलो. दुसऱ्या बोर्डवर उसळी गिळणारा टीव्हीएस डायोड आणि कमी ड्रॉपआउटचा, म्हणजे कमी व्होल्टेजवरही तग धरणारा, रेग्युलेटर आहे. तरीही कारखान्यातल्या चाचण्यांची बरोबरी मी करू शकत नाही.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल या बोर्डला जोडणार का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. तिथे पेडलला दोन सेन्सर, थ्रॉटलला दोन, आणि मुख्य प्रोसेसरवर पाळत ठेवणारं वेगळं सर्किट लागतं. माझं थ्रॉटल केबलचं आहे आणि केबलचंच राहील.