माझा राग ड्राफ्टमध्ये आहे

कार्यालयात भावना आणू नयेत असे जे सांगतात, त्यांना बहुधा फक्त आमच्यासारख्यांच्या भावना अभिप्रेत असतात. साहेबांनी आवाज चढवला की ती कामाची तळमळ ठरते आणि विभागप्रमुखांनी टेबलावर फाइल आपटली की तो करारीपणा ठरतो; तीच फाइल मी पुष्कळ हळू आपटली, तर मात्र ‘जरा बोलायचे होते’ असा एचआरचा निरोप येतो. भावना आवरण्याची जबाबदारी पगाराच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते, असे माझे निरीक्षण आहे.

माझी मुख्य अडचण चेहऱ्याची आहे. राग मला गिळता येतो, पण तो गिळल्याचे लपवता येत नाही. यात शरीररचनेचाही थोडा दोष आहे. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी विजेचे हलके झटके देऊन चेहऱ्याच्या स्नायूंचा अभ्यास केला आणि १८६२ साली असे मांडले, की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू माणसाच्या हुकमात असतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदावाचून सहसा हलत नाही. त्यामुळे मी रात्री जागून तयार केलेला अहवाल साहेब जेव्हा ‘मी सहज आकडे चाळत होतो, तेव्हा माझ्या असे लक्षात आले’ या शब्दांत वरिष्ठांपुढे मांडतात, तेव्हा माझे ओठ साहेबांच्या बाजूने असतात आणि डोळे माझ्या. पूर्वी हा मतभेद निदान मला स्वतःला दिसत नसे. व्हिडिओ मीटिंग सुरू झाल्यापासून पडद्याच्या कोपऱ्यातील चौकटीत तो सगळा वेळ माझ्यासमोर असतो, आणि दंतवैद्याने तोंडात हत्यारे घालून ‘दुखत नाही ना?’ असे विचारल्यावर माणूस जसा दिसेल, तसा मी तिथे हसताना दिसतो.

या मेहनतीचा मोबदला पगारपत्रकात कुठल्याही रकान्यात सापडत नाही. तिला नाव मात्र मिळाले आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिला ‘भावनिक श्रम’ म्हटले. त्यासाठी त्यांनी दोन प्रकारची माणसे पाहिली : प्रवाशांशी हसतमुखाने वागणे ज्यांच्या नोकरीचाच भाग होता त्या विमानातील सेविका, आणि थकबाकीदारांशी कठोरपणे बोलणे ज्यांच्याकडून अपेक्षित होते ते वसुली कर्मचारी. हे वाचल्यापासून मला त्या वसुलीवाल्यांचा हेवा वाटतो. दिवसभर लोकांवर डाफरायचे आणि त्याबद्दल वर्षअखेरीस बढतीही मिळवायची, याहून सुखाची नोकरी मला तरी ठाऊक नाही.

दाबलेला राग जातो कुठे, याचाही शोध लागला आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना किळसवाणी चित्रफीत दाखवली आणि चेहऱ्यावर काहीही उमटू देऊ नका, असे बजावले. चेहरे बरेच आवरले गेले, पण किळस कमी झाली नाही आणि शरीराच्या आतील ताण उलट वाढला. ग्रॉस यांच्या पुढील प्रयोगांत असेही आढळले, की भावना लपवण्यात गुंतलेल्या माणसाच्या समोर काय बोलले गेले ते कमी लक्षात राहते. मीटिंगमध्ये मला नेमके कोणते काम सोपवले गेले हे मला कधीच का आठवत नाही, याचे इतके भारदस्त कारण माझ्या मनाने कधीच काढले नसते.

आमच्या संस्थेने या विषयावर कार्यशाळाही घेतली, आणि ती सुट्टीच्या दिवशी ठेवून सरावाची उत्तम सोय केली. ‘राग आला की उशीवर ठोसे मारा, मोकळे वाटेल,’ असे तेथील प्रशिक्षकांनी सांगितले. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात मात्र, राग आणणाऱ्या माणसाला आठवून पिशवीवर ठोसे मारणारे लोक नुसते शांत बसलेल्यांपेक्षा अधिक चिडलेले निघाले होते. हे मी तेथे बोललो नाही, कारण चर्चा वाढली असती आणि घरी जायला उशीर झाला असता.

एकूण, माझी खरी भिस्त ईमेलवर आहे. तिथे निदान चेहरा नसतो. मागच्या आठवड्यात ऑफिस सुटायच्या बेतात साहेबांची ईमेल आली : ‘इतके छोटे काम अजून अडकलेले पाहून आश्चर्य वाटले.’ निम्मे ऑफिस सीसीमध्ये होते. मी उत्तर लिहायला घेतले आणि सर्वप्रथम साहेबांचा पत्ता पुसला, कारण अशा वेळी बोटांचा भरवसा नसतो. मग मनातले सगळे लिहून काढले आणि दुरुस्तीला बसलो. ‘दहादा सांगून झाले’ या जागी ‘यापूर्वी कळवल्याप्रमाणे’ आले, ‘कागद तुमच्याच टेबलावर कुजतो आहे’ याचे ‘प्रस्ताव आपल्या मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे’ असे झाले, आणि उद्गारचिन्हे एकेक करून काढून टाकली. उरलेले सगळे विष शेवटच्या ओळीत ओतले : ‘इतक्या आपुलकीने लक्ष वेधल्याबद्दल मनःपूर्वक आभार.’ मग साहेबांचा पत्ता पुन्हा घातला आणि ईमेल पाठवली.

असे टोमणे ईमेलमधून कितपत पोहोचतात, हे मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तपासले होते. आपला उपरोध वाचणाऱ्याला शंभरांपैकी ७८ वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ५६ वेळा कळला, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा किंचित बरा निकाल. साहेबांनी उरलेल्या ४४मध्ये जागा पटकावली. टीका कशी स्वीकारावी याचा नमुना म्हणून त्यांनी माझी ईमेल सगळ्या विभागाला पाठवली आणि पुढच्या कार्यशाळेत ‘भावनांवर ताबा’ या विषयावर मीच बोलावे, असे सुचवले. प्रस्तावाला मंजुरी अजून मिळालेली नाही.