पाव इंच पाऊस

चिपळूणला आमच्या घरी पावसाचे दोनच प्रकार मानले जात: पडतो तो आणि थांबत नाही तो. त्यामुळे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, भल्या पहाटे बांधकामाच्या जागेवर उभे राहून प्लॅस्टिकच्या नळीत किती पाणी साचले आहे हे टॉर्चच्या उजेडात वाचण्याची वेळ माझ्यावर येईल, असे भाकीत एखाद्या ज्योतिषाने केले असते, तर वडिलांनी त्याला दक्षिणा न देताच वाटेला लावले असते.

बॉस्टनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आमच्या कंपनीने सहा घरांचे काम घेतले. जागा दीड एकर, म्हणजे आपले साठ गुंठे. १९७२ च्या इथल्या स्वच्छ जल कायद्याखाली, बांधकामावरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी परवाना घ्यायचे जे नियम १९९० साली निघाले, ते पाच एकर आणि त्याहून मोठ्या बांधकामांनाच लागू होते. २००३ पासून ही मर्यादा एका एकरावर आली आणि आमचे साठ गुंठे त्यात अलगद सापडले. कारण रास्त आहे. उघडी माती पावसाने धुपते, गटारातून ओढ्यात उतरते, आणि माशांची अंडी गाळाखाली गाडली जातात. बहुतेक राज्ये हा परवाना स्वतः देतात, पण मॅसॅच्युसेट्समध्ये तो थेट केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडून घ्यावा लागतो, आणि त्याची सूचना पहिली कुदळ मारण्याच्या किमान १४ दिवस आधी द्यावी लागते. त्याही आधी पावसाच्या पाण्याचे आणि गाळाचे काय करणार याचा सविस्तर आराखडा लिहावा लागतो. त्याला इथली मंडळी लाडाने ‘स्विप’ म्हणतात. आमची स्विप सहाही घरांच्या नकाशांपेक्षा जाड झाली.

माझा घात झाला तो तपासणीच्या कलमात. तिथे दोन पर्याय होते: दर ७ दिवसांनी तपासणी करा, किंवा दर १४ दिवसांनी करा आणि शिवाय २४ तासांत पाव इंच पाऊस पडला की पुढच्या २४ तासांच्या आत करा. आमचा कोकणी हिशेब असा, की दुसऱ्या पर्यायात निम्म्या खेपा वाचतात, आणि पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरांहून थोडा अधिक, त्याला काय पाऊस म्हणायचे? मी दुसऱ्यावर खूण केली. इथे पावसाळा नावाचा ऋतूच नसून पाऊस बाराही महिने सारखा वाटून पडतो, ही गोष्ट मला माहीत होती. फक्त त्या क्षणी आठवली नाही.

पहिल्याच महिन्यात आठवड्याला एक तपासणी परवडली असती, अशी स्थिती झाली. मोबाइलवर ढगाचे चित्र दिसले की माझ्या पोटात गोळा येऊ लागला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. या मापाने त्या एका दिवसात एकशे अठ्ठेचाळीस पाव इंच बसतात, असा हिशेब मी एका रात्री अंथरुणात पडल्यापडल्या केला. नियम पाऊस असा तुकड्यांत मोजत नाही हे खरे, पण झोप नियमाप्रमाणे येत नाही.

तपासणीत गाळ अडवणाऱ्या काळ्या कापडाच्या कुंपणाशी पट्टी लावून साचलेला गाळ मोजायचा. तो कुंपणाच्या निम्म्या उंचीला पोहोचण्यापूर्वीच काढावा लागतो. ट्रकच्या चाकांबरोबर रस्त्यावर गेलेला चिखल त्याच दिवशी काम संपेपर्यंत उचलायचा, आणि अहवाल पुन्हा २४ तासांच्या आत पुरा करायचा. मातीची धूप हा आजोबांच्या काळीही गंभीर विषय होता, परंतु भातखाचरांच्या बांधांची तपासणी भाऊबंद करीत, आणि हातभर माती इकडची तिकडे गेली तर त्याची नोंद पिढ्यानपिढ्या राही. इथले दफ्तर परवाना संपल्यावर तीनच वर्षे जपावे लागते, हा त्या मानाने दिलासाच म्हणायचा.

एका बुधवारी नळी ०.२४ दाखवत होती. मी आनंदाने आईला फोन केला.

“किती पडला म्हणालास?”

“जवळजवळ पाव इंच.”

“अरे, एवढ्यात वळचणीची पागोळीसुद्धा धड लागत नाही,” ती म्हणाली. मी परत वळून पाहिले, तर शेवटचे दोन थेंब पडून नळी ०.२५ वर आली होती.

घरे उभी राहिली, रंगही झाले, परंतु परवान्यातून सुटका होईना. उघड्या जमिनीवर, आसपासच्या नैसर्गिक आच्छादनाच्या ७० टक्के तरी हिरवळ उगवल्याशिवाय समाप्तीची सूचना देता येत नाही. आम्ही बी पेरले, वर पेंढा पसरला, आणि ज्या आभाळाला मी वर्षभर शिव्या घातल्या होत्या ते तीन आठवडे लख्ख निळे राहिले. फोरमन रोज नळी रिकामी पाहून मला अंगठा दाखवी. मी गुडघे टेकून गवताच्या काड्या मोजत असे.

शेवटी आईला विचारले, तिकडचा थोडा पाऊस इकडे पाठवता येईल का.

“किती हवा?”

“पाव इंच.”

“तेवढाच मोजून कोण देणार रे तुला?” आई म्हणाली. मागे कौलांवर धो धो आवाज चालला होता, म्हणून पुढचे काही ऐकू आले नाही.