प्रायश्चित्त वधस्तंभावर पूर्ण झाले, तर ‘अधोलोकात उतरला’ असे आपण का म्हणतो?

काही दिवसांपूर्वी एका प्रवचनात ऐकलेले एक विधान मनातून जाता जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. वक्ते तळमळीने बोलत होते आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांचे म्हणणे असे की वधस्तंभावर येशूने केवळ शारीरिक मरण सोसले; आपल्या पापांची खरी किंमत त्याने त्यानंतर नरकात, सैतानाच्या हाती यातना भोगून चुकती केली. सभेतून ‘आमेन’ उमटले. मी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याची खंत मला अजून वाटते.

ख्रिस्ताचे प्रायश्चित्त वधस्तंभावर पूर्ण झाले, त्यातले काहीही नरकात फेडायचे उरले नव्हते, असे मी मानतो. आणि तरीही प्रेषितांच्या विश्वासांगीकारातले, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या प्राचीन कबुलीतले, ‘अधोलोकात उतरला’ (मेल्यावर मृतांच्या ठिकाणी गेला) हे शब्द मला प्राणप्रिय आहेत, ते गाळावेत असे मला मुळीच वाटत नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जात नाहीत.

आधी वधस्तंभाविषयी. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शेवटचा उद्गार ‘पूर्ण झाले आहे’ असा आहे. मूळ ग्रीकमध्ये हा एकच शब्द आहे आणि त्याचा काळ घडून गेलेल्या व कायम टिकणाऱ्या गोष्टीचा आहे. लूक सांगतो की येशूने आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवला. जो आत्मा पित्याच्या हाती सोपवला गेला, तो सैतानाच्या हाती गेला असे म्हणायला शास्त्राचा आधार कोठे आहे? कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की आपल्याविरुद्धचे ऋणपत्र वधस्तंभाला खिळून रद्द करण्यात आले आणि त्याच वधस्तंभावर सत्ता व अधिकार यांचा पाडाव झाला. इब्री लोकांस पत्राचा लेखक तर ‘एकदाच’ हा शब्द पुन्हा पुन्हा वापरतो: एकदाच अर्पण, एकच यज्ञ. त्याच्या युक्तिवादाचा सगळा भार याच शब्दावर आहे. दुसऱ्या जागी दुसरे भोगणे शिल्लक होते असे म्हटले की तो युक्तिवाद कोसळतो.

मग ही कल्पना येते कोठून? मला वाटते, ती हिशेबाच्या एका साध्या पण चुकीच्या मांडणीतून येते. पापाची शिक्षा नरक. ख्रिस्ताने आपली शिक्षा घेतली. म्हणून ख्रिस्ताने नरक भोगलाच पाहिजे, तोही मेल्यानंतर, आपण जसा भोगला असता अगदी तसा. या मांडणीत प्रायश्चित्त म्हणजे दंडाच्या रकमेशी जुळवलेली भरपाई होऊन बसते. मंडळीच्या दीर्घ परंपरेने मात्र प्रायश्चित्ताचा विचार एवढ्या अरुंद चौकटीत केला नव्हता.

सुरुवातीच्या शतकांत खंडणीची प्रतिमा प्रबळ होती, कारण मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देण्यास आला हे येशूचे स्वतःचे शब्द आहेत. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने ती प्रतिमा फार पुढे नेली: ख्रिस्ताचे मानवपण हे आमिष, त्याआड लपलेले देवपण हा गळ, आणि सैतान तो गळ गिळून फसला. पण त्याचाच मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी याने नेमका प्रश्न विचारला की ही खंडणी दिली कोणाला. सैतानाला दिली म्हणावे, तर लुटारूला देव स्वतःचा मोबदला देतो हे लाजिरवाणे आहे. पित्याला दिली म्हणावे, तर आपल्याला बंदिवासात पित्याने ठेवलेलेच नव्हते, आणि ज्याने इसहाकाचे अर्पण स्वीकारले नाही तो आपल्या पुत्राच्या रक्तात आनंद कसा मानील? हा प्रश्न सोळाशे वर्षांनंतरही तितकाच धारदार आहे. त्या प्रवचनातली सैतानाच्या हातची यातना या प्रश्नासमोर क्षणभरही टिकत नाही.

अकराव्या शतकातला धर्मपंडित अन्सेल्म याचेही तसेच. १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात, देव मनुष्य का झाला याचा विचार करताना, त्याने ‘एक तर भरपाई, नाही तर शिक्षा’ असा पर्याय मांडला. हे नीट वाचले पाहिजे. अन्सेल्मच्या मते ख्रिस्ताने शिक्षा भोगली नाही, तर शिक्षेच्या जागी भरपाई केली. जे जीवन देण्यास तो बांधलेला नव्हता ते त्याने स्वेच्छेने दिले, आणि त्या जीवनाचे मोल सर्व पापांहून अधिक ठरले. येथे यातनांची मोजणी नाही, म्हणून नरकातल्या दिवसांची गरजही नाही.

शिक्षा ख्रिस्ताने आपल्यावर घेतली असे सर्वांत ठामपणे सांगणारा सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विनसुद्धा त्या वक्त्यांच्या बाजूने उभा राहत नाही. उतरण्याच्या कलमाचा अर्थ त्याने असा लावला की वधस्तंभावरच, मरण्यापूर्वी, ख्रिस्ताने आपल्या आत्म्यात नरकाची भयाण वेदना अनुभवली. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा आक्रोश त्याची साक्ष आहे. विश्वासांगीकारात हे कलम पुरले जाण्याच्या नंतर का येते, याचेही उत्तर तो देतो: आधी माणसांना दिसले ते सांगितले, मग देवापुढे घडलेले अदृश्य सांगितले. कॅल्विनच्याच परंपरेतल्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने (श्रद्धा शिकवणाऱ्या पुस्तिकेने) चव्वेचाळिसाव्या प्रश्नात हाच अर्थ घेतला आणि त्यातून अत्यंत संकटातल्या माणसासाठी दिलासा काढला. क्रमाचे हे स्पष्टीकरण मला पटत नाही, पण एवढे मान्य करायला हवे की कॅल्विनचा नरक वधस्तंभावर संपतो.

त्या आक्रोशाविषयीही थोडे लिहिणे भाग आहे, कारण पित्याने पुत्राकडे पाठ फिरवली असे आपण फार सहज बोलून जातो. येशूच्या ओठी असलेले ते शब्द बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहेत, आणि तेच स्तोत्र पुढे म्हणते की देवाने पीडिताच्या दुःखाचा तिरस्कार केला नाही, त्याच्यापासून आपले तोंड लपवले नाही. ती वेदना खरी होती. येशू केवळ स्तोत्र पाठ करत होता असे मला म्हणायचे नाही. पण संतापलेला पिता एका बाजूला आणि मार खाणारा पुत्र दुसऱ्या बाजूला असे चित्र उभे केले की पिता, पुत्र व आत्मा यांचे त्रैक्य दुभंगते आणि पौलाचे वाक्य खोटे ठरते: देव ख्रिस्तामध्ये होता आणि स्वतःबरोबर जगाचा समेट करत होता. प्रायश्चित्त देवाविरुद्ध घडले नाही, ते देवाने केले.

आता उतरण्याकडे वळू. येथे निम्मा गोंधळ शब्दांचा आहे. हिब्रूतला शिओल आणि ग्रीकमधला हेडीस म्हणजे मृतांचे ठिकाण, जेथे सगळेच मेलेले जातात. गेहेन्ना वेगळा, तो अंतिम न्यायाचा अग्नी आहे. इंग्रजीने कित्येक शतके या दोहोंसाठी एकच शब्द वापरला आणि त्यातून हा गैरसमज जगभर पसरला. मराठी पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला ही अडचण असायला नको, कारण आपल्याकडे ‘अधोलोक’ आणि ‘नरक’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणात, पेत्राने सोळाव्या स्तोत्राच्या आधाराने सांगितले की ख्रिस्ताचा जीव अधोलोकात राहू दिला गेला नाही आणि त्याच्या देहाला कुजण्याचा अनुभव आला नाही. तेथे शब्द हेडीस आहे. येशू गेहेन्नात गेला असे नव्या करारात एकाही ठिकाणी म्हटलेले नाही.

काही अभ्यासक म्हणतात की हे कलमच उशिराचे आहे, ते काढून टाकावे. वस्तुस्थिती अशी की इसवी सन ४०० नंतर लवकरच रुफिनस या लेखकाने आपल्या अक्विलिया नगराच्या मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या अंगीकारावर भाष्य लिहिले, तेव्हा हे शब्द तेथे होते. रोमच्या अंगीकारात ते नाहीत, असेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. चौथ्या शतकातल्या नायसीन अंगीकारातही ते नाहीत. पण कलमाचे वय आणि श्रद्धेचे वय एक नसते. दुसऱ्या शतकात आयरेनियस आणि तिसऱ्याच्या आरंभी टर्टुलियन हे मंडळीचे दोन लेखक ख्रिस्त मृतांमध्ये गेला असे निःशंकपणे लिहितात. वेगळा अर्थ लावणारा कॅल्विनसुद्धा बजावतो की हे कलम गाळले तर ख्रिस्ताच्या मरणाचे पुष्कळसे फळ हातचे जाईल.

पेत्राच्या पहिल्या पत्रातले तुरुंगातल्या आत्म्यांना केलेल्या घोषणेचे वचन या चर्चेत नेहमी पुढे केले जाते. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन या धर्मपंडिताने त्याचा अर्थ नोहाच्या काळाशी जोडला: ख्रिस्ताने नोहाच्या मुखाने त्या पिढीला उपदेश केला. अलीकडचे पुष्कळ भाष्यकार ते आत्मे म्हणजे पतित देवदूत असे समजतात, आणि ती घोषणा विजयाची मानतात. मला हा दुसरा अर्थ अधिक सुसंगत वाटतो. पण उतरण्याचा सिद्धांत मी या एका अवघड वचनावर उभा करणार नाही. प्रेषितांच्या कृत्यांतला पेत्राचा उपदेश आणि प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायातला ‘मरण व अधोलोक यांच्या किल्ल्या’ हातात असलेला ख्रिस्त त्यासाठी पुरेसे आहेत.

मग येशूने शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला दिलेल्या वचनाचे काय? ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असे म्हणणारा त्याच दिवशी अधोलोकात कसा? पूर्वेकडच्या मंडळीच्या उपासनेत याचे सुंदर उत्तर गायले जाते: ख्रिस्त देहाने कबरेत, जिवाने अधोलोकात, चोराबरोबर सुखलोकात आणि पिता व आत्मा यांच्याबरोबर सिंहासनावर होता. मरणाने त्याचा देह आणि जीव वेगळे झाले, पण त्याचे देवपण दोघांपैकी कोणालाही सोडून गेले नाही. आणि जेथे तो आहे, तेथे सुखलोक आहे. ल्यूथरपंथीयांनी १५७७ मध्ये ठरवले की पुरले गेल्यानंतर तो देव आणि मनुष्य म्हणून संपूर्णपणे उतरला, सैतानाची सत्ता मोडली, आणि हे कसे घडले याचा काथ्याकूट करू नये. कॅथलिक मंडळीची १९९२ ची प्रश्नोत्तरी सांगते की तो दंडितांना सोडवायला किंवा दंडाचा नरक नष्ट करायला गेला नाही, तर त्याच्या आधी होऊन गेलेल्या नीतिमानांना मुक्त करायला गेला. तपशिलात फरक आहेत, पण तो तेथे स्वामी म्हणून गेला याविषयी दोघांचे एकमत आहे.

विसाव्या शतकात हान्स उर्स फॉन बाल्थासार या स्विस धर्मपंडिताने मात्र पवित्र शनिवारचा, म्हणजे येशूचे मरण व पुनरुत्थान यांमधल्या दिवसाचा, वेगळा विचार मांडला. त्याच्या दृष्टीने उतरणे हा विजयोत्सव नव्हे. मेलेल्यांबरोबर मेलेले असणे, काहीही करू न शकणाऱ्यांमध्ये काहीही करू न शकणारा होणे, हे ते होते. त्यागल्या गेल्याची वेदना तो शनिवारपर्यंत ओढतो तेथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. ‘पूर्ण झाले आहे’ हा उद्गार मला अडवतो. परंतु शनिवारच्या शांततेकडे त्याने आपले लक्ष वेधले याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. आपण शुक्रवारवरून थेट रविवारवर उडी मारतो. येशू खरोखर मेला, एक पूर्ण दिवस मेलेला राहिला, हे आपण जवळपास विसरतो.

इस्तंबूलमधल्या खोरा या जुन्या ख्रिस्तमंदिरात (आता ती मशीद आहे) चौदाव्या शतकाच्या आरंभी रंगवलेले एक भित्तिचित्र आहे. त्यात शुभ्र वस्त्रांतला ख्रिस्त अधोलोकाच्या मोडून पडलेल्या दारांवर पाय रोवून उभा आहे, खाली कुलुपे आणि किल्ल्या विखुरल्या आहेत, आणि त्याने एका हाताने आदामाला व दुसऱ्या हाताने हव्वेला थडग्यातून वर खेचले आहे. त्याने त्यांचे मनगट धरले आहे, पंजा नव्हे. हात हातात घेतला असता तर आदामानेही धरावे लागले असते. मेलेल्या माणसाच्या बोटांत धरण्याची ताकद नसते. प्रायश्चित्ताविषयी मी जे वाचले आहे त्यातले फार थोडे या मनगटाइतके स्पष्ट आहे.

माझे वडील गेले तेव्हा शेवटचे चार दिवस ते शुद्धीवर नव्हते. आम्ही प्रार्थना म्हणत होतो आणि त्यांच्यापर्यंत त्यातले काही पोहोचत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यांना ‘विश्वास ठेवा’ असे सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता; विश्वास ठेवायचे ते आयुष्यभर ठेवून झाले होते आणि आता त्यांची बोटे माझ्या हातात नुसती पडून होती. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा कर्ता देवाला विचारतो की मेलेल्यांना तू अद्भुत कृत्ये दाखवशील काय, कबरेत तुझ्या दयेचे वर्णन होईल काय, आणि ते स्तोत्र उत्तर न मिळताच अंधारात संपते. त्या रात्री मी ते वाचले आणि मिटले. मग एकशे एकोणचाळिसावे काढले, ज्यात दाविद म्हणतो की मी अधोलोकात अंथरूण केले तरी तेथे तू आहेस. ते मी वडिलांच्या अंथरुणाशी बसून मोठ्याने वाचले. दाविदाने ते देवाच्या सर्वव्यापीपणाविषयी म्हटले असेल. मी ते त्या शनिवारी तेथे गेलेल्या एकाविषयी वाचत होतो.