‘वेगात असलं की पाणी आपोआप बाहेर जातं’: बुचाबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

नारळी पौर्णिमा जवळ आली, झाकलेल्या बोटी उघडायला लागल्या की किनाऱ्यावरच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: जुन्या पॉवरबोटीच्या तळाच्या बुचाचा (आतलं पाणी काढून टाकायच्या भोकाला बसवलेल्या प्लगचा) बाऊ करू नका. टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्याने आवळलं की चार-पाच हंगाम बघायला नको. बूच निघालंच तर इंजिन पूर्ण वेगात सोडा, पाणी आपोआप बाहेर ओढलं जाईल. उरलंसुरलं बिल्ज पंप (बिल्ज म्हणजे पाणी साचतं तो बोटीचा आतला तळ) काढेल. फायबर तसंही बुडत नाही. आणि तपासत बसलात तर भरती निघून जाईल.

वेगाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच लोकांना पटतो. बोट उचलून पाण्यावर धावायला लागली की ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीच्या, मागचं पाणी सुटतं आणि आतलं पाणी बुचाच्या भोकातून मागे वाहून जातं. पण त्यासाठी बोट आधी उचलायला हवी. २५ मिलिमीटरचं भोक पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर असेल तर मिनिटाला ४० लिटरच्या आसपास पाणी आत येतं. दहा मिनिटांत झाले ४०० किलो, तेही इंजिन आणि टाकी जिथे आहे त्या मागच्या बाजूलाच. एवढं वजन घेऊन जुनं आऊटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं इंजिन) बोट उचलणार कसं? समजा उचललीच, तरी देवबागला कर्लीच्या मुखाशी किंवा दाभोळच्या खाडीत तोंडावरची वाळू, पसरलेली जाळी, नांगरलेल्या होड्या बघून वेग कमी करावाच लागतो. वेग उतरला की तेच भोक पुन्हा पाणी आत घेतं.

पंपाचा हिशेब तर सरळ आहे. छोट्या बोटींत सर्रास असतो तो तासाला ५०० गॅलनचा पंप, म्हणजे मिनिटाला जेमतेम ३१ लिटर. हा आकडाही पाणी वर चढवायचं नसताना मोजलेला. नळीची उंची आणि बॅटरीचा उतरलेला व्होल्टेज धरला की प्रत्यक्षात बराच कमी पडतो. पंप झिरपणाऱ्या पाण्यासाठी असतो, उघड्या भोकासाठी नाही.

खरी गडबड टेपच्या सल्ल्यात आहे. आपल्याकडे फिरणाऱ्या जुन्या बोटींत काही मूळच्या अमेरिकी आहेत आणि त्यांच्या बुचाचे आटे बहुधा त्यांच्याकडच्या पाइपांच्या मापाचे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो नळाच्या कामाचा प्लग ब्रिटिश मापाचा. गंमत अशी की अर्धा इंच आणि पाऊण इंच या मापांत दोन्हीकडे इंचाला १४च आटे असतात. त्यामुळे प्लग दोन-तीन फेरे छान जातो, बसल्यासारखा वाटतो. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. तिथे टेप गुंडाळली की आवळताना हाताला फरकच कळत नाही, आणि घट्ट वाटेपर्यंत आवळलं की प्लॅस्टिकची बैठक (बूच ज्यात बसतं तो भाग) तडकते. ज्या बुचाखाली रबरी रिंग आहे तिथे पाणी अडवते ती रिंग, आटे नव्हेत. ती कडक झाली असेल, चिरली असेल तर टेपने काहीच साधत नाही.

पितळी बूच काळं पडलं तर एक वेळ चालेल. गुलाबी-तांबूस दिसलं तर फेकून द्या. खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त खाल्लेलं असतं, उरतं ते सच्छिद्र आणि ठिसूळ. बदलताना कांस्याचं घ्या. बैठकीचे स्क्रूही हलवून बघा. जुन्या बोटींत ट्रान्समच्या आत बहुतेक प्लायवूड असतं; स्क्रू नुसतेच फिरत असतील तर आतलं लाकूड कुजलंय, आणि तिथे नवीन बूच बसवून भागणार नाही.

फायबर बुडत नाही म्हणणाऱ्याने फायबरचा तुकडा बादलीत टाकून बघावा. काच आणि रेझिन दोन्ही पाण्यापेक्षा जड. तरंगवतो तो आतला फोम, आणि वर्षानुवर्षं पाणी प्यायलेला फोम स्वतःच ओझं होतो.

आता भरतीचं. तपासणी भरतीला करायचीच कशाला? आदल्या दिवशी बोट कोरड्यावर ट्रेलरवर असतानाच करावी. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून बूच काढून ठेवलेलं असतं, आणि त्या उघड्या भोकात कुंभारीण माशी हमखास मातीचं घर करते. तारेने भोक साफ करा. एकच बूच आहे असं गृहीत धरू नका. माशांच्या टाकीचं वेगळं असतं, काही बोटींत फरशीखालच्या पोकळीचंही. सगळी बसवून आत पाइपने वीतभर पाणी सोडा आणि बाहेरून ट्रान्समखाली वाकून बघा. थेंब दिसला तर बूच काढून रिंग आणि आटे पुन्हा बघा, आणखी आवळू नका. बोट पाण्यात उतरवताना ट्रेलरचा पट्टा लगेच सोडू नका. दोन-तीन मिनिटं बिल्जमध्ये नजर ठेवा. पाणी दिसलं तर ट्रॅक्टरवाल्याला तसंच मागे ओढायला सांगता येतं. एवढ्याने भरती निघून जात नाही.