परीकथा कोणासाठी? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

लोककथा आणि परीकथा यांवर आधारलेल्या प्रौढांच्या कथा-कादंबऱ्यांविषयी मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. तुमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: परीकथा ही मुलांची ठेव आहे, आजचे लेखक तिच्यात हिंसा आणि कामवासना घुसडून ती विद्रूप करतात, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली गोष्ट जशी आहे तशीच राहू द्यावी, आणि मुलांची पुस्तके व ही पुस्तके यांचा एकाच लेखात विचार करणे बेजबाबदारपणाचे आहे. शेवटी तुम्ही विचारले आहे, की नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती यातले नेमके काय द्यायचे. तुमच्या आक्षेपामागची काळजी मला मनापासून पटते, परंतु तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते मला मान्य नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

‘जशी आहे तशी’ या शब्दांपासूनच सुरुवात करतो. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला, तेव्हा त्यात अभ्यासकांसाठी टिपा होत्या आणि मुलांच्या हाती देण्याजोगे हे पुस्तक नाही अशी टीका त्यावर झाली. त्यानंतर १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत, मुख्यतः विल्हेल्म ग्रिम यांनी, या गोष्टींवर सतत हात फिरवला. पहिल्या आवृत्तीतली मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल तिला कोंडणाऱ्या म्हातारीला निरागसपणे विचारते, की माझे कपडे मला इतके घट्ट का होऊ लागले आहेत. राजपुत्र रोज येऊन जातो आणि ती गरोदर आहे, हे त्या एका वाक्यात कळते. नंतरच्या आवृत्तीत तीच मुलगी विचारते, की तुला माझ्या केसांनी वर ओढायला राजपुत्रापेक्षा इतके जड का जाते. गरोदरपण गेले आणि त्या जागी एक भाबडा प्रश्न आला. हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी राणी पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेल यांना जंगलात सोडायला लावणारी आईसुद्धा पुढे सावत्रच ठरली. मात्र हिमगौरीच्या लग्नात त्या राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते, हा शेवट कोणी काढला नाही. सिंड्रेलाच्या गोष्टीत तर कबुतरे सावत्र बहिणींचे डोळे फोडतात ती शिक्षा १८१९ मध्ये नव्याने घातली गेली. म्हणजे मुलांसाठी ‘शुद्ध’ करताना शरीरसंबंधाचा उल्लेख गेला, आईची प्रतिमा जपली गेली आणि क्रौर्य काही ठिकाणी वाढले. तुम्ही जिला मूळ गोष्ट म्हणता ती बहुधा हीच, एका जाणत्या लेखकाने आपल्या काळाच्या नीतिकल्पनांनुसार पुन्हा लिहिलेली गोष्ट आहे. तिची थोरवी मी कमी लेखत नाही. ते गद्य मला अतिशय प्रिय आहे.

लाल टोपीवाल्या मुलीचेही तसेच. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये छापलेल्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. वाचवायला कोणी येत नाही. खाली पद्यात दिलेला बोध तरुण मुलींना आहे, आणि त्यातला गोडबोल्या लांडगा कोण हे त्या काळच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. लांडग्याचे पोट फाडून आजी आणि नातीला बाहेर काढणारा शिकारी आपल्याला ग्रिम यांच्याकडे भेटतो. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात तोंडी परंपरेतून टिपून घेतलेल्या एका पाठात तर मुलगी स्वतःच सुटते. मला बाहेर जायचे आहे असे ती सांगते, लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून तिला अंगणात सोडतो, आणि ती दोरी अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधून घरी पळून जाते. शेतात राबणाऱ्या बायका-पुरुषांनी एकमेकांना सांगितलेली ही गोष्ट धीट आणि काहीशी अश्लीलही आहे. आता लोकांनी जपलेली गोष्ट म्हणून यांपैकी कोणती राखायची? प्रत्येक सांगणाऱ्याने ती आपल्या श्रोत्यांसाठी बदलली, आणि बदलली म्हणूनच ती टिकली. अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागर रचला तो काश्मीरच्या राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी. त्यातल्या राक्षस, विद्याधर आणि वेताळांच्या गोष्टी प्रौढ श्रोत्यांसाठीच होत्या. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन यांनी १९३९ च्या एका व्याख्यानात म्हटले होते, की मोठ्यांना नकोसे झालेले जुने सामान जसे मुलांच्या खोलीत नेऊन टाकतात, तशा परीकथा मुलांच्या वाट्याला आल्या. मला ते निरीक्षण अचूक वाटते.

तरीही तुमचा प्रश्न यातून सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. गोष्ट पूर्वी मोठ्यांची होती म्हणून आज ती कोणत्याही रूपात मुलाला द्यावी असे होत नाही. माझ्या मते मुलांची गोष्ट आणि मोठ्यांची गोष्ट यांतला फरक विषयात शोधू नये. तो सांगण्याच्या पद्धतीत आहे. मॅक्स ल्यूथी या स्विस अभ्यासकाने १९४७ मध्ये युरोपीय लोककथेच्या शैलीवर जे लिहिले त्यात याचे उत्तम विवेचन आहे. ग्रिम यांच्या संग्रहातली सात डोमकावळ्यांची गोष्ट घ्या. शापाने पक्षी झालेल्या सात भावांना शोधत बहीण काचेच्या डोंगरापाशी येते. दार उघडण्यासाठी ताऱ्याने दिलेले कोंबडीचे हाड वाटेत हरवलेले असते, म्हणून ती सुरी काढून आपली करंगळी कापते, ती कुलपात घालते आणि दार उघडते. पुढच्याच वाक्यात एक बुटका समोर येऊन विचारतो, की बाळ, तू काय शोधते आहेस? रक्त नाही, वेदना नाही, किंकाळी नाही, आणि त्या बोटाचा नंतर उल्लेखही नाही. ल्यूथी या गुणाला लोककथेचा सपाटपणा म्हणतात, आणि तो दोष नसून शैली आहे हे पटवून देतात. ऐकणाऱ्या मुलाला बहिणीचा निर्धार कळतो, शरीराची यातना अंगावर येत नाही. पुस्तकांची निवड करताना मला याचा जितका उपयोग झाला तितका परीकथांच्या मनोविश्लेषणाचा कधी झाला नाही.

मोठ्यांसाठी लिहिणारा लेखक नेमका त्या करंगळीपाशी थांबतो. तो विचारतो, की तिला काय वाटले असेल, आणि भावांना सोडवून आणल्यावर उरलेले आयुष्य ती त्या हाताकडे कशी पाहत असेल. प्रसंग तोच राहतो, पण सपाटपणाचे कवच निघते, आणि म्हणून ती गोष्ट लहान मुलाची राहत नाही. यालाच तुम्ही घुसडणे म्हणता. मी त्याला उलगडणे म्हणेन, कारण चांगल्या पुनर्कथनातले जवळजवळ सगळे जुन्या गोष्टीत घडी घालून ठेवलेले असते. पेरो यांच्या निळ्या दाढीवाल्याच्या, म्हणजे आधीच्या बायकांना मारून त्यांची प्रेते बंद खोलीत ठेवणाऱ्या नवऱ्याच्या गोष्टीत, त्याच्याशी पुढे लग्न करणाऱ्या धाकट्या मुलीला आधी त्या दाढीची शिसारी असते. मग आठवडाभर मेजवान्या आणि सहली होतात, आणि घरधन्याची दाढी आता तितकीशी निळी नाही असे तिला वाटू लागते. अवघ्या एका वाक्यात श्रीमंतीची भुरळ, स्वतःची समजूत घालणे आणि नजर फिरवणे हे सगळे आले आहे. इंग्रज लेखिका अँजेला कार्टर यांनी १९७७ मध्ये पेरो यांच्या गोष्टींचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९७९ मध्ये याच कथेवर आपली दीर्घकथा लिहिली. ती कथा ती मुलगी स्वतः सांगते, आणि आपल्याला त्या घराचा मोह का पडला हे लपवत नाही. पेरो यांच्याकडे त्या बंद खोलीच्या किल्लीवरचा रक्ताचा डाग वाळूने घासूनही जात नाही, एका बाजूने पुसला की दुसऱ्या बाजूला उमटतो. कार्टर यांच्याकडे तो डाग मुलीच्या कपाळावर कायमचा राहतो. पेरो यांच्याकडे भाऊ धावून येतात, इथे आई घोड्यावरून येते आणि गोळी झाडते. या बदलांमागे भाषांतरकाराचे बारीक वाचन आहे, आणि ती कथा वाचल्यानंतर पेरो यांचे ते दाढीचे वाक्य मला पूर्वीपेक्षा कितीतरी भीषण वाटू लागले.

सगळी पुनर्कथने या तोलाची नसतात. राजकन्येच्या हाती तलवार दिली, चार ठिकाणी रक्त सांडले आणि राजपुत्राला खलनायक केले, की नवे काही लिहिले असे समजणारी पुस्तके पुष्कळ आहेत, आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. पण मुलांसाठीच्या काही सौम्य आवृत्त्याही मला तितक्याच निकृष्ट वाटतात. लांडगा आजीला खात नाही, कपाटात कोंडतो, आणि शेवटी सगळ्यांची माफी मागतो, अशा गोष्टीत मुलाला भीती वाटत नाही हे खरे. पण सुटकेचा आनंदही मिळत नाही, कारण सुटावे असे काही घडलेलेच नसते. दोन्ही प्रकारच्या पुस्तकांचा मी एकत्र विचार केला तो यासाठीच. ज्या पालकाने प्रौढांचे एखादे चांगले पुनर्कथन वाचले आहे, त्याला मुलांच्या आवृत्तीतून काय काढून टाकले गेले ते लगेच दिसते आणि त्याची निवड सुधारते. परिचित नावाच्या मुखपृष्ठाला फसून मोठ्यांचे पुस्तक मुलाच्या हाती पडू शकते, ही तुमची भीती मात्र रास्त आहे. प्रकाशकांनी ते पुस्तक कोणासाठी आहे हे ठळकपणे छापले पाहिजे, आणि तोवर मोठ्यांनी आधी स्वतः वाचून पाहण्याला पर्याय नाही.

तुमच्या मुलीसाठी ग्रिम यांच्या गोष्टींचे एखादे संक्षेप न केलेले भाषांतर घ्यावे आणि ते तिच्या हाती सोपवण्याऐवजी तिला मोठ्याने वाचून दाखवावे, असे मी सुचवेन. वाचताना तिचा चेहरा समोर असतो आणि कुठे थांबायचे हे आपोआप कळते. त्यातही यहूदी माणसाविषयीची एक गोष्ट उघड द्वेषाची आहे, ती वगळावी. सुरुवात सात डोमकावळ्यांपासून करावी. करंगळीपाशी ती काही विचारते का ते पाहावे. विचारले तर उत्तर द्यावे, नाही विचारले तर पुढे वाचावे. कार्टर यांची कथा तिच्यासाठी नाही. ती तुम्ही स्वतः वाचावी, लगोलग पेरो यांची गोष्ट पुन्हा काढून पाहावी, आणि त्यानंतरही जुन्या गोष्टीची हानी झाली असे वाटले तर ती कोणत्या जागी झाली ते मला जरूर लिहावे.