नहाणी ट्रॅप

घरभाडं हे उत्पन्न आहे असं दोघंच मानतात: आयकर खातं आणि माझे सासरे. "जावईबापू, हप्ता भाड्यातून परस्पर जाईल," हे सासऱ्यांचं गणित. 2021 साली पुण्यात वाकडला वन बीएचके घेतला तो त्याच गणितावर. पन्नास लाखांचा फ्लॅट, बँकेचे ऐंशी टक्के, म्हणजे चाळीस लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी अर्थातच खिशातून. वीस वर्षांसाठी 6.8 टक्क्यांनी हप्ता बसला साडेतीस हजार, भाडं अठरा. उरलेले साडेबारा हजारही परस्परच जातात, फक्त माझ्या पगारातून.

मग मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, आणि त्यामागोमाग माझा व्याजदरही. माझा हप्ता मात्र तस्साच. बायकोला म्हटलं, बघ, बँक किती सज्जन! पुढे स्टेटमेंट उघडलं तर जवळजवळ सगळा हप्ता व्याजातच जात होता आणि मुदत अशी लांबली होती की मी निवृत्त झाल्यावरही कर्ज नोकरीवरच राहणार होतं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर वाढला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तुम्हाला कोणी विचारलं नसेल तर तुम्हीच लेखी अर्ज टाका आणि हप्ता वाढवून घ्या. बोनस आला की मुद्दलात टाका. फ्लोटिंग, म्हणजे वरखाली होणाऱ्या दराच्या गृहकर्जाला त्याचा दंड नसतो. (सासऱ्यांना बोनसबद्दल सांगू नका, ते तिसरा फ्लॅट दाखवतात.)

हे झालं पैशाचं. खरी मालकी कळते ती पावसाळ्यात. वाकडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका सकाळी खालच्या काकांनी आपल्या छताचा फोटो टाकला. नकाशासारखी ओल, कडेने पोपडे आणि खाली एकच ओळ: "मालकांनी लक्ष घालावे." त्यावर सतरा जणांनी अंगठे दिले. त्यातले अर्धे मला ओळखतही नाहीत.

मी सोसायटीचे उपविधी, म्हणजे नियम, काढले. गच्चीची, बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीकडे. बाथरूम-सिंकची आतली गळती सभासदाकडे. प्लंबरने फरशीवर दोनदा टकटक केलं आणि डॉक्टरी चेहऱ्याने म्हणाला, "नहाणी ट्रॅप गेलाय." नहाणी ट्रॅप म्हणजे बाथरूमचं पाणी जिथून खाली जातं, ते जाळीखालचं भांडं. तो गेला म्हणजे फरशी फोडा, कोबा काढा, वॉटरप्रूफिंग करा, पुन्हा कोबा, पुन्हा फरशी. आणि तसली फरशी कंपनीने बंद केलेली.

बिल पाहून आयकर आठवला. मनपाचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्क्यांची सरसकट सूट मिळते. दुरुस्तीला प्रत्यक्ष किती लागले ते कोणी विचारत नाही. छान वाटतं. पण माझा ट्रॅप ती सूट ऑगस्टमध्येच गिळून बसला होता. तेव्हापासून दर वर्षी दोन महिन्यांचं भाडं मी वेगळ्या खात्यात टाकतो आणि ते आपलं नाहीच असं समजतो. तुम्हीही समजा, समजायला फार वेळ लागत नाही.

सेक्रेटरींनी त्याच आठवड्यात बिनभोगवटा शुल्काचं, म्हणजे फ्लॅटमध्ये स्वतः न राहता भाडेकरू ठेवल्याबद्दलचं, बिल पाठवलं. 2001च्या शासन आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही. इथे थेट मेंटेनन्सच्या दुप्पट. मी आदेशाची प्रत पुढे केली. "साहेब, आपण एका कुटुंबातली माणसं, कायद्याचं काय काढता?" म्हणाले. मी लेखी पत्र देऊन पोच घेतली. पुढच्या बिलात आकडा गुपचूप उतरला आणि जिन्यात भेटल्यावर कुटुंबही थोडं दुरावलं.

राहिला भाडेकरू. मुलगा आयटीतला, सज्जन. नवं वॉटरप्रूफिंग तपासायला बाथरूममध्ये पाणी कोंडून ठेवलेलं, तर हा अंघोळीला जाणार कुठे? करारात याची तरतूद नव्हती, म्हणून तो टॉवेल खांद्यावर टाकून आमच्याकडे आला. अंघोळ झाली, बायकोने पोहे दिले, वर ओलं खोबरं. जाताना तो पॅसेजमध्ये थबकला आणि भिंतीवर बोट ठेवून म्हणाला, "काका, इथेही ओल आलीय. पोपडे बघा. तुमच्या मालकांना सांगा ना."

"मालक मीच आहे."

"अच्छा," तो चपला घालत म्हणाला, "मग अवघड आहे."