सांधा दिखाव्यासाठी नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

टाचणी (चतुरासारखाच, पण सडपातळ किडा) हिच्या निम्फची, म्हणजे पाण्यातल्या पिल्लाची, नक्कल करणारा सांधेदार फ्लाय (गळावर पिसं-दोऱ्यानं बांधलेला नकली किडा) यावरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि आडपडदा न ठेवता लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सांधा, म्हणजे फ्लायचे पुढचा-मागचा असे दोन तुकडे जोडणारा फासा, हा नुसता दिखावा आहे. शेपटीला लावलेलं मॅराबूचं मऊ पीस पाण्यात मुळातच हलतं. खऱ्या किड्याच्या पोटाला दहा खंड असतात, तिथे एका सांध्यानं काय साधणार? शिवाय तो लवकर तुटतो, त्यापायी एक गळ वाया जातो, आणि ट्राउट माशासाठीचा हा फ्लाय कोल्हापुरात बसून बांधायचा कशाला?

आधी किड्याकडे बघू. कळंबा तलावाच्या काठची थोडी पाणवनस्पती उपसून पांढऱ्या टबात टाका, पाणी निवळू द्या. चतुराचं निम्फ आखूड, जाडजूड असतं आणि मागून पाण्याची पिचकारी मारून पुढे सरकतं. टाचणीचं निम्फ सडपातळ. त्याच्या शेपटीला पानासारखे तीन कल्ले असतात आणि ते पोट डावी-उजवीकडे वळवत पोहतं. डोकं आणि छाती त्या मानानं स्थिर, हेलकावा मागे मागे वाढत जातो. थोडं पोहतं, थांबतं, पुन्हा पोहतं. वर-खाली हलणं त्यात जवळपास नाहीच.

आता मॅराबू. मॅराबू उत्तमच आहे, मीही शेपटीला तोच वापरतो. पण दोरी ओढली की त्याचे तंतू मिटून एकमेकांना चिकटतात आणि सोडली की फुलतात. ती मिटण्या-उमलण्याची हालचाल आहे, बाजूला वळण्याची नाही. सरळ लांब गळावर बांधलेलं पोट काडीसारखं ताठच राहतं. सांधा घातला की पुढचा भाग थांबल्यावर मागचा भाग रेषेतून सुटतो, बाजूला झुकतो आणि पुढच्या ओढीला परत सरळ होतो. दहा खंडांची लहर एका सांध्यात येत नाही, हे तुमचं बरोबर. पण छातीमागे एक वळण सांधा देतो आणि त्यापुढचं मॅराबू देतं. दोन्ही मिळून माशाला पुरेसं दिसतं.

तुम्हाला फरक जाणवला नाही, त्याचं कारण तुमच्याच प्रतिक्रियेत आहे असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंय की फ्लाय ‘संथ, एका लयीत’ ओढत होतात. तसं ओढलं तर मागचा भाग नुसता फरफटत येतो, सांधा असून नसल्यासारखा. हा फ्लाय थांब्यावर काम करतो. दोन-तीन आखूड ओढी, मग हात थांबवायचा, मग पुन्हा. खरं निम्फ कात टाकायला काठच्या देठांकडे निघतं तेव्हा असंच रखडत जातं.

दुसरं म्हणजे सांध्याचा फासा. माझ्या मते सगळी कला इथेच आहे आणि घाई होते तीही इथेच. मागच्या तुकड्यासाठी सरळ नेढ्याचा गळ घ्या. पुढच्या गळावर साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तंगुसाचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) फासा बांधताना तो उभा राहिला पाहिजे, म्हणजे तंगुसाची दोन टोकं गळाच्या दांड्यावर एकाखाली एक येतात. मागच्या तुकड्याचं नेढं त्यात आडवं बसतं आणि शेपूट डावी-उजवीकडे फिरते. फासा आडवा पडला तर ती खाली-वर लोंबते, आणि ते टाचणीचं पोहणं नव्हे. नेढं मोकळं फिरेल एवढीच जागा ठेवा. जास्त ठेवलीत तर शेपूट फेकताना पुढच्या गळात अडकते. बांधून झालं की फ्लाय कुशीवर धरा: मागचा भाग आपल्या वजनानं खाली पडला पाहिजे. नाही पडला तर दोरा नेढ्यावर चढलाय. वजन द्यायचं ते फक्त पुढे, मणी-साखळीच्या डोळ्यांचं; मागच्या तुकड्याला तार गुंडाळू नका.

तुटण्याबद्दल: तंगुसाची दोन्ही टोकं दांड्यावर मागे दुमडून पुन्हा दोऱ्याखाली घ्या आणि डिंकाचा एक थेंब सोडा. निसटत नाही.

एका बाबतीत मात्र सांध्याविरुद्ध बोलायला जागा आहे, आणि ती तुम्ही मांडली नाहीत. गळ पुढे आणि लुसलुशीत शेपूट मागे असल्यामुळे मासा नुसती शेपूट कुरतडून सोडून देऊ शकतो. म्हणून मॅराबू लांब ठेवायचा मोह टाळा. पूर्ण फ्लाय तीन सेंटिमीटरच्या आत असू द्या. दाट गवतात टाकायचा असेल तर मीही साधा, बिनसांध्याचाच बांधतो, कारण तिथे सांधा शेवाळ गोळा करतो.

हा प्रकार कालपरवाचा नाही. अमेरिकेत डग स्विशर आणि कार्ल रिचर्ड्स या जोडीनं १९७० च्या दशकातच असं हलणाऱ्या पोटाचं निम्फ लोकप्रिय केलं. ट्राउट कोल्हापुरात नाही, खरं आहे. त्यासाठी निलगिरीसारखी थंड हवा लागते. पण टाचण्या आपल्याकडे भरपूर आहेत आणि पाण्यातले किडे खाणारे मासेही. चिलापी (तिलापिया) माशाचं तोंड लहान, म्हणून तिच्यासाठी मी हाच फ्लाय १४ नंबरच्या गळावर आखूड करून बांधतो. तलावावर मासेमारी संस्थेचा ठेका असेल तर आधी विचारून घ्या, एवढंच.

गळ वाया जाण्याचं म्हणाल, तर मागच्या तुकड्याला नवा गळ लागतच नाही. बोथट झालेले, टोक मोडलेले गळ एका डबीत साठवा. व्हाइसमध्ये (बांधताना गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यात) धरायला गळाचा बाक हवा असतो, म्हणून आधी पूर्ण बांधा आणि सगळ्यात शेवटी बाक पकडीनं तोडा. तोडताना त्यावर फडकं धरा, तुकडा डोळ्यांकडे उडतो.